सत्त्याण्णव टक्के सहमती

नागपूरच्या खाणसुरक्षा संशोधन केंद्रात मे महिन्यात माणसासारखं बसता येईल अशी एकच खोली होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. तिथं छत्रपाल राहायचा. कपाटाएवढा संगणक, एक पडदा, एक टंकफलक आणि या सगळ्यांना ऊन लागू नये म्हणून भिंतीत बसवलेली दोन वातानुकूलन यंत्रं. बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत असताना केंद्रातली मंडळी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत येत, घाम सुकेपर्यंत उभी राहत आणि जाताना ‘छान चाललंय हं’ असं म्हणून जात. कुमुद खानझोडेला ते ‘छान चाललंय’ आता ऐकवत नव्हतं.

ती ज्ञानसंकलक होती. हा शब्द केंद्राचे संचालक डॉ. पळसुले यांनी पाडलेला. त्यांना नवे शब्द पाडायची हौसच होती. काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं होतं. एखाद्या जाणत्या माणसाच्या डोक्यात आयुष्यभर साठलेलं शहाणपण प्रश्न विचारून विचारून बाहेर काढायचं, ‘अमुक असेल तर तमुक’ अशा नियमांत बसवायचं, प्रत्येक नियमावर किती भरवसा ठेवावा याचा एक विश्वासांक ठरवायचा, आणि तो सगळा नियमसंच संगणकाला द्यायचा. अशा संगणकाला तज्ज्ञप्रणाली म्हणत. जाणता माणूस निवृत्त होतो, आजारी पडतो, एक दिवस मरतो. तज्ज्ञप्रणाली यातलं काहीच करत नाही, हे पळसुले प्रत्येक भाषणात सांगत.

छत्रपालचा जाणता माणूस म्हणजे धानोली कोळसाखाणीचे उपमुख्य अभियंता यशवंत लांजेवार. धनबादला शिकलेले, हुशार, मितभाषी गृहस्थ. धानोलीत छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब काढत काढत मागं सरकायचं काम चाले. खांब निघाला की त्यावरचं छत कधी ना कधी खाली येणार हे ठरलेलं. प्रश्न एवढाच की कधी. लांजेवार लोखंडी दांड्यानं छत ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘चालू द्या’ किंवा ‘माणसं काढा’. त्यांनी ‘चालू द्या’ म्हटलेल्या छताखाली आजवर कुणी मेलं नव्हतं. म्हणून तर केंद्रानं त्यांना निवडलं होतं.

तीन वर्षं कुमुद त्यांच्यामागून खाणीत हिंडली होती, आणि तीन वर्षं तिनं त्यांना एकच प्रश्न विचारला होता. का? इथं माणसं का काढली? तिथं का नाही काढली? पहिल्या वर्षी लांजेवार वैतागत. “आता काऊन म्हणता बाई, तर सांगता येत नाही,” असं म्हणत. “नको वाटते. पोटातूनच नको वाटते.” पोटातलं संगणकाला देता येत नाही. मग कुमुदनंच एक शिस्त घालून दिली: कारण नाही, तर नोंद नाही. लांजेवार प्रामाणिक होते. कारण देता येत नाही ते बोलायचंच नाही, असं त्यांनी स्वतःला लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी ते कारणं शोधू लागले, आणि तिसऱ्या वर्षी विचारायच्या आधीच देऊ लागले.

या कामानं कुमुद पार शिणून गेली होती. घरी नवऱ्यानं “आज भाजी कोणती करू?” असं विचारलं तरी ती “का?” म्हणून जायची आणि मग स्वतःवरच चिडायची. हे एकदा संपावं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि ते संपत आलं होतं. त्या दिवशी दुपारी पळसुले संत्रा बर्फीचा डबा घेऊनच यंत्राच्या खोलीत आले.

“सत्त्याण्णव,” ते म्हणाले. “खानझोडेबाई, सत्त्याण्णव टक्के सहमती. घ्या, तोंड गोड करा.”

सहमती म्हणजे दर महिन्याच्या चाचणीचा निकाल. खाणीतल्या निरनिराळ्या जागांची तीच माहिती लांजेवारांना आणि छत्रपालला वेगवेगळी द्यायची, आणि किती ठिकाणी दोघांचं उत्तर एकच आलं ते मोजायचं. पुढच्या आठवड्यात कंपनीचे अधिकारी यंत्र स्वीकारायला येणार होते. मग ते बत्तीस खाणींत जाणार होतं. लांजेवारही याच महिन्याअखेर निवृत्त होत होते, म्हणजे सगळं कसं वेळेवर जुळून आलं होतं.

कुमुदनं बर्फी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

“सर, दिवाळीपासून आपण छत्रपालला एकही नवा नियम दिलेला नाही. त्याची स्मृती भरली आहे. जास्तीच्या स्मृतीसाठी केलेला अर्ज अजून दिल्लीतच पडलाय.”

“ठाऊक आहे. अर्जावर सही माझीच आहे.”

“विश्वासांकही बदललेले नाहीत. दिवाळीत जे यंत्र होतं तेच आज आहे. तेव्हा सहमती अठ्ठ्याऐंशी होती. मग ती वाढली कशी?”

पळसुले हुशार माणूस होते. बर्फी तोंडाशी नेता नेता थांबले. “सोपी प्रकरणं आली असतील.”

“प्रकरणं मी निवडते. मुद्दाम अवघड निवडते.” तिनं बर्फी डब्यात परत ठेवली. “कापड धुतलेलं नाही, ताणलेलं नाही, आणि दर महिन्याला पट्टीवर जास्त भरतंय. मग आखडलं काय?”

“पट्टी,” पळसुले सावकाश म्हणाले. “म्हणजे लांजेवार?”

“त्यांना पट्टी आपणच केलं, सर.”

“अहो, दुसरी पट्टी आणणार कुठून होतो? माणसं काढली की छत आपणच पाडतो. ते आपणहून पडलं असतं की नाही हे कोण सांगणार? म्हणून तज्ज्ञ म्हणेल ते प्रमाण. जगात सगळे असंच मोजतात.” ते खुर्चीत बसले. “आणि समजा, लांजेवार नियमांनी विचार करायला लागले. बिघडलं काय? नियम त्यांचेच आहेत.”

“त्यांना सांगता आले तेवढेच आहेत. जे सांगता आलं नाही ते नियमांत नाही. आणि जे नियमांत नाही ते आता बहुतेक त्यांच्यातही नाही. तीन वर्षं आपण त्यांना त्यावर बोलूच दिलं नाही. दिवाळीत बारा टक्के ठिकाणी ते यंत्रापेक्षा वेगळं बोलत होते. यंत्राची किंमत त्या अठ्ठ्याऐंशीत असेल, पण त्यांची किंमत त्या बारा टक्क्यांत होती.”

“पुरावा?”

“नाही.”

पळसुल्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग अगदी मायेनं म्हणाले, “तुम्ही थकला आहात. उद्याची शेवटची चाचणी करा, आणि यंत्र एकदा गेलं की महिनाभर रजा घ्या.”

तिला रजा हवीच होती. म्हणून ती वाद घालत बसली नाही. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याचं ऐकू नये, हे तिनंच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती धानोलीत उतरली. बायकांना जमिनीखाली काम करायला कायद्यानं बंदी होती. तिच्यासाठी केंद्रानं खास परवानगी काढली होती, प्रकल्प चालू असेपर्यंतची. उताराच्या बोगद्यातून ती, लांजेवार आणि पाळीचा मुकादम पोचन्ना असे तिघं कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात चालत गेले. पोचन्नाची टोळी पुढं एका खांबापाशी कोळसा काढत होती. टोळीत त्याचा धाकटा भाऊ होता, मेव्हणा होता. वरच्या छताकडं त्यातलं कुणी बघतही नव्हतं.

“साहेब येऊन गेले म्हणजे आमाले टेन्शन नाय,” पोचन्ना कुमुदला म्हणाला. “आता साहेब रिटायर. मग ती मशीन सांगन म्हणतेत. मशीन बी साहेबानंच शिकवली ना? मग झालं.”

लांजेवारांनी दांडा उचलला आणि छत ठोकायला सुरुवात केली. ठोकता ठोकताच ते बोलत होते, आणि ऐकता ऐकता कुमुदला कसंतरी व्हायला लागलं. पहिल्या वर्षी हा माणूस ठोकल्यावर श्वास रोखून उभा राहायचा.

“आधाराच्या लाकडांवर ताण बेताचा. तडा नवीन नाही. जागा कोरडी. ठोका भरीव. विश्वासांक शून्य दशांश आठ,” ते घडाघडा म्हणाले. “चालू द्या.”

कुमुदनं हीच माहिती खाणीतल्या टेलिफोनवरून नागपूरला कळवली. थोड्या वेळानं छत्रपालचं उत्तर आलं. चालू द्या, शून्य दशांश आठ.

“जुळलं,” लांजेवार म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी समाधानानं छतावर आणखी एक ठोका दिला.

“इथं नको,” कुमुद म्हणाली.

आपण हे बोललो हे तिला बोलून झाल्यावरच कळलं. पोटात कुणीतरी मूठ आवळली होती.

“काऊन?” लांजेवारांनी विचारलं. थट्टेनं नाही. तिनंच शिकवल्याप्रमाणं, शांतपणे, उत्तराची वाट पाहत.

तिनं कारण शोधून पाहिलं. ठोका भरीवच होता. लाकडं सरळ उभी होती. तिला एकही कारण सापडलं नाही. पण दुसरीच एक गोष्ट त्या अंधारात तिच्या ध्यानात आली. तीन वर्षं ती दुपारभर कानाला यंत्र लावून खाणीत भरून आणलेल्या ध्वनिफिती ऐकत बसायची. लांजेवारांचा ठोका, त्यांचा रोखलेला श्वास, मग ‘नको’ किंवा ‘चालू द्या’. त्यापुढचं कारणांचं पुराण उतरवून घेण्यासाठी ती तेच ठोके पुन्हा पुन्हा लावायची. शेकडो छतं तिच्या कानावरून गेली होती, आणि त्या सगळ्या काळात तिला कुणीही, एकदाही, ‘का’ असं विचारलं नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “पण नको.”

लांजेवारांनी वळून तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावरचा दिवा तिच्या तोंडावर पडला आणि तसाच राहिला. छताखालचं काम चालू होतं. कुणीतरी खोकलं.

“पोचन्ना,” लांजेवार म्हणाले, “माणसं काढ.”

पोचन्नानं एकदा साहेबांकडं आणि एकदा बाईंकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही. टोळी हत्यारं घेऊन बाहेर पडली. चढ चढताना लांजेवार बरेच मागं राहिले. कुमुद त्यांच्यासाठी थांबली.

“मला काही ऐकू आलं नाही, बाई,” ते जवळ आल्यावर म्हणाले. “ठोका भरीव होता. नियमाप्रमाणं भरीव होता.”

“मग माझं ऐकलंत कशाला?”

“कारण सांगितलं असतं, तर ऐकलं नसतं. कारणं तर मीही देतो.” ते भिंतीला टेकले. “पहिले मला भीती वाटायची. पोटात. इथं उतरलो की वाटायचीच. मग ती कमी झाली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आता अनुभव आला. तुम्ही आज जशा बोलल्या ना, तसा मी बोलायचो. ते गेलं माझं. कधी गेलं, कळलंच नाही.”

कुमुदला रडू आलं. लपवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. “माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली.

“हो,” लांजेवार म्हणाले. “तुमच्यामुळंच झालं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्यांनी ते नाकारलंही नाही. मग दोघं वर आले.

त्या संध्याकाळी खाणीच्या व्यवस्थापकांनी पळसुल्यांना फोन केला आणि पळसुल्यांनी कुमुदला. एका पाळीचं उत्पादन बुडालं होतं, तेही यंत्र आणि तज्ज्ञ दोघंही ‘चालू द्या’ म्हणत असताना. माणसं काढण्याचं कारण काय लिहायचं? कुमुद म्हणाली, कारण नाही. पळसुले म्हणाले, असं कसं चालेल. उद्या सकाळी पहिली पाळी तिथंच उतरेल.

सकाळी पाळी उतरायच्या थोडं आधी ते छत खाली आलं. पोचन्नाचा खांब, लाकडं, आदल्या दिवशीच्या टोपल्या, सगळं त्याखाली गेलं. आत माणूस नव्हता.

दोन दिवसांनी पळसुल्यांनी कुमुदला केंद्रात बोलावलं. ती प्रकल्प अडचणीत आणल्याबद्दल माफी मागायच्या तयारीनं गेली होती आणि त्यांचंही काही ऐकून घ्यायच्या तयारीनं. पण पळसुले भलतेच खुशीत होते. यंत्राच्या खोलीत लांजेवारही बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, अवघडून.

“तुमचं खरं ठरलं, खानझोडेबाई. मी मान्य करतो,” पळसुले म्हणाले. “लांजेवारांतलं ते सांगता न येणारं होतं, ते नष्ट झालं नाही. ते तुमच्यात आलं. ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी कंपनीशी बोललो. यंत्र द्यायचं आपण पुढं ढकललंय. जुने कमी भरवशाचे नियम काढून छत्रपालमध्ये जागा करू. आता तज्ज्ञ तुम्ही. आणि ज्ञानसंकलक म्हणून यांच्याइतका योग्य माणूस कोण? निवृत्तीनंतर हे सल्लागार म्हणून आपल्याकडं येताहेत. नियम यांना तोंडपाठ आहेत. तुमचं कुठलं म्हणणं नियमांत नाही, ते हे लगेच ओळखतील.”

कुमुदनं लांजेवारांकडं पाहिलं. ते टेबलाकडं बघत होते.

“सर, तुम्हाला कळतंय ना?” ती म्हणाली. “विचारण्यानंच ते जातं.”

“लांजेवारांचं गेलं, कारण आपण घिसाडघाई केली. या वेळी जपून विचारू. आणि न विचारता बत्तीस खाणींना काय द्यायचं? तुम्हाला बत्तीस ठिकाणी पाठवू?” पळसुले चुकीचं बोलत नव्हते, आणि तेच वाईट होतं. “शिवाय तुमची खाणीत उतरायची परवानगी प्रकल्प आहे तोवरच आहे,” ते म्हणाले. “प्रकल्प चालवायचा तर नियम हवेत. चला लांजेवार, करा सुरुवात.”

लांजेवारांनी घसा साफ केला. तिनंच शिकवलेल्या शब्दांत त्यांनी सुरुवात केली. “धानोली. परवाची जागा. तुम्ही माणसं काढा म्हणाल्या. काऊन?”

कुमुद गप्प बसणार होती. तसं तिनं ठरवलंच होतं. पण प्रश्न विचारला गेला आणि तिच्या मनानं आपणहून हालचाल केली. कुठूनसं एक कारण वर आलं, चांगलं, नेटकं, पटण्याजोगं. ते तिला इतकं स्पष्ट दिसलं की इतके दिवस कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

“पाणी,” ती म्हणाली. “छतातून पाणी ठिबकत होतं, ते थांबलं होतं. पाणी एकाएकी थांबलं म्हणजे वर कुठंतरी नवी भेग पडली आणि ते तिकडं वळलं.”

“उत्तम,” पळसुले पुढं झुकले. “हा नियम आपल्याकडं नाहीच.”

लांजेवारांनी लिहिलं नाही.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “ती जागा कोरडी होती. तिथं पाणी कधीच नव्हतं.”

कुमुदनं डोळे मिटले. ती परवाचा तो ठोका आठवू लागली. लोखंडाचा आवाज, मग काहीतरी, मग पोटातली ती मूठ. तिला आता ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. थेंब, थेंब, आणि मग शांतता. ठोका मात्र त्यामागं कुठंतरी गेला होता, आणि कितीही कान दिला तरी तो पहिल्यासारखा येईना. एकाच प्रश्नात एवढं झालं होतं. ती घाबरून गेली.

लांजेवार तिच्याकडं बघत होते. तिला काय झालं हे तिच्याखेरीज एकट्या त्यांनाच कळत होतं.

“उठा बाई,” ते म्हणाले. “पोचन्नाची पाळी दुपारची आहे. त्याला सांगितलं आहे मी, बाई काही बोलल्या तर विचारत बसू नको म्हणून. धानोलीला जा तुम्ही.”

“अहो, असं कसं?” पळसुले गोंधळून म्हणाले. “लांजेवार, आत्ता तर सुरुवात झाली. कंपनीला मी महिन्याला निदान वीसेक नियम कबूल केलेत. नियम नाहीत तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर यांची परवानगीही नाही.”

लांजेवारांनी कुमुदची खुर्ची मागं ओढली, ती उठेपर्यंत थांबले, आणि मग ती खुर्ची फिरवून स्वतः तिच्यात बसले, तज्ज्ञाच्या जागेवर.

“कारणं पायजेत ना साहेब?” ते म्हणाले. “महिन्याला वीस काय, पन्नास घ्या. माझ्याकडून घ्या. माझ्याजवळ आता तेवढंच आहे.”